पाठीवरचे नाव

‘फर्मवेअर’ हा शब्द ज्याने प्रथम योजला, त्याला शब्दांची चांगली पारख असली पाहिजे असे मला नेहमी वाटते. १९६७ सालच्या जानेवारीत अ‍ॅशर ऑप्लर नावाच्या एका अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ‘डेटामेशन’ मासिकात एक लेख लिहिला आणि त्यात हा शब्द घातला. संगणकाचे हाताला लागणारे अंग ते हार्डवेअर, त्याला द्यायच्या आज्ञा त्या सॉफ्टवेअर. या दोहोंच्या मधोमध जे बसते, धड टणकही नाही आणि धड मऊही नाही, ते फर्मवेअर. आपल्या स्वयंपाकघरात अशी वस्तू रोज असते. चांगले लागलेले दही घ्या. भांडे हलवले तर हलत नाही, पण चमचा घातला की मोडते. आणि एकदा मोडले की ते आपले आपण पुन्हा लागत नाही. त्याला नवे दूध लागते, आणि विरजण लागते.

तुम्ही म्हणाल, दिवाळीच्या अंकात चकल्या-करंज्यांचे काही लिहायचे सोडून हा गृहस्थ विरजणाचे आणि संगणकाचे काय घेऊन बसला! पण वाचकहो, हे यंत्रातले दही आता आपल्या प्रत्येकाच्या घरात लागलेले आहे. धुलाईयंत्रात आहे, टेलिव्हिजनमध्ये आहे, खिशातल्या फोनमध्ये तर आहेच. सकाळी बटण दाबल्यावर यंत्राला आपण कोण आणि आपले काम काय हे जे आठवते, ते यामुळे. झोपेतून उठल्यावर आपल्याला आपले नाव पुन्हा पाठ करावे लागत नाही, तसेच हे. त्याचे महत्त्व कळते ते एखाद्या यंत्राला एके सकाळी काहीच आठवेनासे होते तेव्हा.

ही आठवण ज्यात साठवतात त्या स्मृतीला ‘फ्लॅश’ म्हणतात. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली ती जगापुढे मांडली. तिचे बारसे मात्र त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी केले. सगळा मजकूर एका झटक्यात पुसला जातो हे पाहून त्यांना फोटो काढतानाच्या लखलखाटाची आठवण झाली, आणि फ्लॅश हे नाव पडले. शाळेच्या पाटीवर एखादे अक्षर चुकले तर आपण बोटाला थुंकी लावून तेवढेच पुसत असू. फ्लॅशमध्ये ती सोय नाही. तिथे लिहिणे म्हणजे एकाचा शून्य करणे. शून्याचा पुन्हा एक करायचा असेल तर तो एकटा करता येत नाही, आजूबाजूचा ठोकळाच्या ठोकळा पुसावा लागतो. आणि गंमत अशी की, पुसलेल्या पाटीवर शून्ये नसतात. सगळीकडे एकच एक असतात. मला ही गोष्ट कळली तेव्हा बरे वाटले होते. कोरेपण म्हणजे शून्य नव्हे, हे यंत्रालाही ठाऊक आहे तर!

पण या व्यवस्थेत एक अवघड जागा राहते. जुना पाठ पुसला गेला आहे आणि नवा अजून उतरलेला नाही, असा काही क्षणांचा काळ पुष्कळ यंत्रांत येतो. त्या काळात यंत्र कोणीच नसते. नेमके त्याच वेळी दिवे गेले तर?

आमच्या गावी नेमके त्याच वेळी गेले.

गाव तालुक्याचे. तिथे एक जुने वाचनालय आहे. त्याच्या वसंत व्याख्यानमालेत १९६० नंतर कोणा हौशी सभासदाने व्याख्याने ध्वनिफितीवर उतरवून ठेवली होती. त्या फिती माळ्यावर पडून होत्या आणि दर पावसाळ्यात त्यांच्यावर बुरशीचे एकेक पूट चढत होते. माझ्या भाच्याने मनावर घेतले, आणि दोन वर्षे सुट्टीचा प्रत्येक दिवस घालवून त्यातल्या जेवढ्या वाजल्या तेवढ्या संगणकात उतरवून घेतल्या. बऱ्याच फिती त्या एकदाच वाजल्या, पुन्हा वाजण्याजोग्या राहिल्या नाहीत. त्यांच्या जोडीला जुन्या साप्ताहिकांची पाने आणि कार्यकारिणीच्या हस्तलिखित इतिवृत्तांची चित्रेही साठवली. हे सारे सहा हार्ड डिस्कांवर होते. मांडणी अशी की, सहांपैकी कोणत्याही दोन बिघडल्या तरी मजकूर शाबूत राहावा. बाहेर दुसऱ्या ठिकाणी आणखी एक प्रत ठेवायची होती, पण तिच्या खर्चाचा ठराव कार्यकारिणीपुढे तीन बैठका नुसताच पुढे ढकलला जात होता.

या डिस्का आणि संगणक यांच्यामध्ये एक कार्ड होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले, कुठल्याशा कचेरीतल्या मोठ्या संगणकातून निवृत्त झालेले. एलएसआय कंपनीचे ९२११-८आय. हाताच्या पंजाएवढे हिरवे पान, मध्ये एक चिप, तिच्यावर उष्णता उडवण्यासाठी पन्हळी धातूची टोपी. टोकाला दोन जोडण्या, प्रत्येकीतून चार डिस्कांना वाट. म्हणजे आठ डिस्का सांभाळण्याची ताकद. या कार्डाचे काम दरवानाचे. आत काय ठेवले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही, पण तो जागेवर नसेल तर आत जाता येत नाही.

कार्डातला पाठ सोळाव्या आवृत्तीचा होता आणि संगणकातली व्यवस्था विसाव्या आवृत्तीची. दोघांचे जमत नाही अशी सूचना पडद्यावर रोज येत असे. २०२४ सालच्या श्रावणात एका गुरुवारी संध्याकाळी भाच्याने नवा पाठ चढवायला घेतला. त्याने डिस्कांच्या वायरी आधी काढून ठेवल्या, हे त्याचे शहाणपण. मग सगळे पुसण्याची आज्ञा दिली. पुसून झाले, आणि नवा पाठ उतरू लागला तोच बाहेर कडाडून वीज चमकली. गावातले दिवे गेले. संगणकाला आधार म्हणून जी बॅटरी ठेवली होती, तिने एकदा ‘टीं’ केले आणि तिनेही मान टाकली.

रात्री नऊच्या सुमारास भाचा माझ्या दारात उभा राहिला. अंगावरचे पाणी निथळत होते, पण हातातली पुडी कोरडी होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत आणखी एक पिशवी आणि तिच्यात ते कार्ड.

“मामा, कार्ड मेलं.”

“कोण म्हणतं?”

“दिवे आल्यावर लावून पाहिलं. वाचनालयाचा संगणक त्याच्यापाशी येऊन अडकतो, पुढेच जात नाही. घरी माझ्या संगणकात घातलं, तर पाठ चढवण्याचा प्रोग्रॅमच सुरू होत नाही. ‘पॅल’ सुरू करता आलं नाही म्हणतो आणि बाहेर पडतो.”

मी टेलिफोन खात्यात तीस वर्षे दुरुस्तीची कामे केली. तक्रारींच्या वहीत सर्वांत जास्त वेळा लिहिलेला शब्द होता ‘डेड’. फोन डेड आहे. सायकलवरून जाऊन पाहावे, तर फोन ठणठणीत. खांबावरच्या जोडात गंज चढलेला, नाहीतर घुशीने तार कुरतडलेली. ‘डेड’ ही तक्रार आहे, निदान नव्हे, हे मला त्या सायकलने शिकवले. म्हणून मी भाच्याला म्हटले, “आधी डोकं पूस, चहा घे. मग बघू.”

त्याने चहा घेतला नाही. तो नुसता बसून राहिला. त्याची काळजी मला ठाऊक होती. दुसरे कार्ड आणता आले नसते असे नाही. डिस्कांवरचे अक्षरही हललेले नव्हते. पण मुंबईहून कार्ड यायला आठवडा गेला असता, आणि रविवारी पुण्याहून एक बाई येणार होत्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या वडिलांचे १९६४ सालचे व्याख्यान आमच्या संग्रहात सापडले होते. वडिलांचा आवाज त्यांच्याकडे दुसरा कुठलाच नव्हता. त्यांना घेऊन येणारा मुलगा सोमवारी परदेशी परत जायचा होता. शिवाय कार्यकारिणीत असे दोन-चार सभासद होते, की ज्यांना या सगळ्या खटाटोपात पहिल्यापासून विश्वास नव्हता. ‘कागदच बरे’ हे वाक्य त्यांच्या जिभेवर तयारच होते. दोन वर्षांचे काम एका पावसाच्या सरीने हास्यास्पद ठरणार, असे त्या मुलाच्या चेहऱ्यावर लिहिलेले दिसत होते. खरे म्हणजे काहीच लिहिलेले नव्हते. तोही त्या घटकेला कोराच झाला होता.

मी माळ्यावरून माझा जुना संगणक काढला. आजकालचे संगणक सुरू होतात ते नव्या पद्धतीने. त्यांच्यावर जुन्या डॉसमधला हा प्रोग्रॅम पुष्कळदा चालत नाही, आणि ‘पॅल’ची ती तक्रार म्हणजे साधारणपणे एवढेच असते. कार्डाचा तिच्यात दोष नसतो. नव्या संगणकासाठी त्याच प्रोग्रॅमचा नव्या पद्धतीचा अवतारही मिळतो, आणि ती वाट आम्हाला मोकळी होतीच. पण माझ्या जुन्या संगणकाला डॉस आपले वाटते, म्हणून त्यालाच आधी विचारले. त्याच्यात पडद्यासाठी वेगळे कार्ड लागत नाही, त्यामुळे आतली लांब खाच रिकामी होती. ती या कार्डाला नेमकी लागते.

कार्ड खाचेत बसवले. मोठ्या संगणकात या चिपवर पंख्यांचा सोसाट्याचा वारा असतो, घरात तो नसतो आणि ती चटकन तापते. म्हणून झाकण उघडे ठेवून टेबलफॅन तिच्यावर सोडला. भाच्याला पेन ड्राइव्हवर डॉस आणि नव्या पाठाची फाईल पुन्हा एकदा ताजी उतरवायला लावली. अर्ध्यावर तुटलेल्या कामात जुन्या फायलीवर विसंबू नये. विजेचा पुन्हा घोटाळा नको म्हणून शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून त्यांची बॅटरी रात्रीपुरती मागून आणली आणि तिच्यावर दोन दिवे लावून दहा मिनिटे तिची परीक्षा घेतली.

या कार्डावर एक बारीक हिरवा दिवा असतो. पाठ व्यवस्थित चालू असला म्हणजे तो लुकलुकत राहतो. बनवणाऱ्यांनी त्याला नावच ‘हृदयाचा ठोका’ असे दिले आहे. संगणक सुरू केला. दिवा लागला नाही. भाच्याने माझ्याकडे पाहिले.

“ठोका नाही, मामा.”

“नसणारच. ठोका पाठाचा असतो आणि पाठ तू पुसलास. मेल्याची खूण ही नव्हे. विचारू या त्याला.”

हजर असतील त्या सगळ्या कार्डांची यादी दे, अशी आज्ञा दिली. पडद्यावर क्षणभर काही नव्हते. मग एक ओळ उमटली. तिचा मराठीत अर्थ असा: हे कार्ड कामाच्या स्थितीत नाही, त्याच्यात पाठ चढवण्याची गरज आहे, फाईलचे नाव सांगा.

वाचकहो, तीस वर्षांत मी पुष्कळ यंत्रे पाहिली, पण इतके सभ्य वाक्य क्वचितच वाचले असेल. ‘मी कामाच्या स्थितीत नाही, मला काय हवे ते हे.’ माणसांनाही हे एवढ्या सरळपणे सांगता येत नाही.

फाईलचे नाव टंकले. आता पुढे जे घडते ते मला फार सुंदर वाटते. कार्डाची स्वतःची कायम स्मृती रिकामी असते, तिच्यातून त्याला उठता येत नाही. पण ही चिप बनवताना एक सोय ठेवलेली आहे. ज्या संगणकात ती बसली असेल, तो यजमान तिच्या तात्पुरत्या स्मृतीत बाहेरून पाठ ठेवू शकतो. तो उसना पाठ चिप चालवू लागते, आणि त्याच्या बळावर उठून मग आपली कायम स्मृती स्वतःच लिहून काढते. याला ‘होस्ट बूट’ म्हणतात, म्हणजे यजमानाने उठवणे. आमच्या आईच्या भाषेत सांगायचे तर शेजारून विरजण आणणे. घरातले विरजण संपले तर आई वाटी घेऊन शेजारच्या काकूंकडे जायची. वाटीभर दही काही कोणी मागत नसे. चमचाभर पुरायचे, बाकीचे दूध आपले आपण लागायचे.

‘यजमानाने उठवणे यशस्वी’ अशी ओळ आली. मग फाईल तपासली, बरोबर आहे. आवृत्ती २०.००.०७.००. या कार्डाला जुळते. लेखन चालू. त्या मिनिटभरात आम्ही दोघेही बोललो नाही. बाहेर पाऊस चालूच होता, आणि टेबलफॅनच्या घरघरीखेरीज खोलीत आवाज नव्हता. लेखन यशस्वी. पडताळणी यशस्वी. कार्ड पुन्हा सुरू करत आहे.

आणि हिरवा दिवा लुकलुकू लागला.

भाचा उठून उभाच राहिला. “झालं!”

“अजून नाही,” मी म्हटले. “त्याला त्याचं नाव माहीत नाही.”

या जातीच्या प्रत्येक कार्डाला स्वतःचा एक पत्ता असतो. सोळा आकडी, शून्यापासून नऊपर्यंतचे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे यांतून बनलेला. पहिला आकडा पाच, तो पत्ता कोणत्या पद्धतीचा आहे हे सांगतो. पुढचे सहा उत्पादकाचे असतात. उरलेले नऊ त्या एका कार्डाचे. एलएसआयच्या कार्डांचा आरंभ पाच-शून्य-शून्य-सहा-शून्य-पाच-बी असा असतो, म्हणजे आडनाव सर्वांचे एक, नाव ज्याचे त्याचे. ती एलएसआय कंपनी २०१४ साली अव्हागो कंपनीने विकत घेतली, आणि अव्हागोने २०१६ साली ब्रॉडकॉम विकत घेऊन ब्रॉडकॉम हेच नाव स्वतःला लावले. आईबापांची नावे अशी दोनदा बदलली, पण लेकरांच्या अंगावर जुने आडनाव तसेच आहे.

पुसण्याच्या काही आज्ञा हा पत्ता वाचवून बाकीचे पुसतात. भाच्याने ज्या कृतीबरहुकूम काम केले, तिच्यात मुळासकट पुसण्याची आज्ञा होती. पाठ आला होता, पण पत्त्याची जागा रिकामी होती. नवा पाठ जगातल्या सगळ्या कार्डांना एकच असतो, त्यामुळे हे नाव त्याच्यात कुठून सापडणार? ते कार्डाच्या आत कुठेच उरले नव्हते.

“मग आता?” भाच्याने विचारले.

“कार्ड काढ आणि पालथं कर.”

पाठीवर एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती. बोटाच्या पेराएवढी, कडेला पिवळी पडलेली, एक कोपरा फाटलेला. तिच्यावर सोळा आकडे. कारखान्यात ज्या दिवशी हे कार्ड तयार झाले, त्या दिवशी कोणीतरी ही कागदाची चिठ्ठी तिथे लावली होती, आणि कचेरीतल्या नोकरीत, भंगाराच्या ढिगात, लॅमिंग्टन रोडच्या दुकानात ती टिकली होती. मी भिंगाने आकडे वाचले, भाच्याने लिहून घेतले. मग त्याने वाचले आणि मी पडताळले. ‘आठ’ आणि ‘बी’ या दोघांनी थोडा गोंधळ घातला, पण जमले. कार्ड पुन्हा खाचेत गेले, आज्ञा दिली गेली, पत्ता लिहिला गेला. यादी मागितली, तर आवृत्ती, पत्ता, सारे काही जागच्या जागी. संगणक स्वतः सुरू होताना या डिस्कांचा आधार घेत नाही, म्हणून त्यासाठी असणारा बूटचा तुकडा घालायची गरज नव्हती. तो वगळला.

रात्रीचा एक वाजला होता. भाच्याने आता चहा मागितला.

रविवारी त्या बाई आल्या. ग्रंथपालबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि व्याख्यान लावले. त्यांच्या वडिलांचा विषय होता शेतीतले जमाखर्च. पाच मिनिटांत श्रोत्यांतल्या कोणाची तरी खोकल्याची उबळ ऐकू आली, आणि वडील बोलायचे थांबून म्हणाले, “त्यांना पाणी द्या हो कोणी.” बाई एवढ्यावर हसल्या आणि मग रडल्या. “घरीसुद्धा असंच म्हणायचे,” त्या म्हणाल्या. व्याख्यान त्यांनी पूर्ण तासभर ऐकले. बाहेरच्या प्रतीचा ठराव पुढच्या बैठकीत मंजूर झाला. तो त्या बाईंमुळे झाला की वीज पुन्हा जाईल या धास्तीने, ते इतिवृत्तात लिहिलेले नाही.

मला या प्रकरणात सर्वांत अधिक काय वाटले, ते सांगतो. जी वस्तू स्वतःला विसरते, तिला सावरायला दोन गोष्टी लागतात, आणि दोन्ही तिच्या बाहेरच्या असतात. एक, कोणीतरी उसना देऊ केलेला पहिला पाठ. दुसरी, तिचे नाव ठाऊक असलेली कुणाच्या तरी हातची चिठ्ठी. पाठ सगळ्यांचा एकच असतो, तो कुठेही मिळतो. नाव मिळत नाही. ते आधीच कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते, आणि तेही अशा ठिकाणी, की आत काहीही पुसले गेले तरी त्याला धक्का लागू नये.

हे मी ग्रंथपालबाईंना सांगितले, तेव्हा त्या फारशा चकित झाल्या नाहीत. त्यांच्या धंद्यात हे जुनेच आहे. पुस्तकाची वेष्टने फाटतात, मुखपृष्ठे जातात, पण दाखलनोंदवहीत क्रमांक असला की पुस्तक ओळखता येते. त्यांनी कपाटातून ती जाड वही काढली. मधल्या एका ग्रंथाच्या आणि एका कादंबरीच्या खाली नवी ओळ आखली, आणि मला म्हणाल्या, “सांगा आकडे. सावकाश सांगा.”